पोस्टर स्पिटफायरचं, घाम हरिकेनचा

‘कुठली भारी?’ हा प्रश्न आपल्याकडे बाइकवरून सुरू होतो, मोबाइलवर जातो आणि शनिवारी रात्री तिसऱ्या कटिंगच्या आसपास कधीतरी दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांवर येऊन टेकतो. हसू नका. प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक नग असतोच. लहानपणी त्याने प्लॅस्टिकची मॉडेल्स चिकटवलेली असतात, मोठेपणी सोमवारी प्रेझेंटेशन असलं तरी रविवारी रात्री दोनपर्यंत तो फ्लाइट सिम्युलेटर खेळत बसतो, आणि मस्टँगचा टॉप स्पीड त्याला स्वतःच्या पॅन नंबरपेक्षा जास्त पाठ असतो. (ताशी ७०० किलोमीटर. बघा, मलाही आहे.)

जेटचं अप्रूप वेगळं. या पंख्याच्या विमानांचं खरं अपील असं, की ती आपल्याला कळतात. एक सीट, पुढे हजारेक हॉर्सपॉवरचं इंजिन, हातात दांडा, पायाखाली पेडल्स, आणि मागे कोण लागलंय हे बघायला मान मुरगळायची. बस्स. आवाज म्हणाल तर सायलेन्सर काढलेली बुलेट, फक्त बारा सिलिंडरची.

ब्यूटी कॉन्टेस्टच घ्यायची तर निकाल लागलेला आहे: स्पिटफायर. ते लंबगोल पंख बघितले की इंजिनिअरिंगला केटी लागलेला माणूसही हळवा होतो. गंमत म्हणजे पंख सुंदर दिसावेत म्हणून तसे केलेच नव्हते. वेग हवा तर पंख पातळ पाहिजे. पण त्यातच बंदुका आणि चाकं मावायची तर तो मुळाशी रुंद पाहिजे. या खेचाखेचीतून तो आकार निघाला. डिझायनर रेजिनाल्ड मिचेल १९३७ मध्ये कॅन्सरने गेला, अवघ्या ४२ व्या वर्षी. मार्च १९३६ मध्ये पहिलं विमान उडालेलं त्याने पाहिलं, लढताना मात्र नाही.

आणि मार्केटिंग! १९४० मध्ये ब्रिटनमध्ये गावोगावी ‘स्पिटफायर फंड’ निघाले. पाच हजार पौंड जमवा, एक विमान तुमच्या नावाचं. (खरा खर्च त्याहून बराच जास्त होता, पण आकडा कसा लक्षात राहणारा!) कारखान्यांनी, क्लबांनी, शाळेतल्या पोरांनी पैसे काढले. आपल्या बडोद्याच्या गायकवाडांनीही थैली सोडली. रॉयल एअर फोर्सच्या १२४ नंबरच्या स्क्वाड्रनला चक्क ‘बडोदा’ नाव पडलं, आणि ती उडवायची स्पिटफायरच. हरिकेनच्या नावात ती जादू नव्हती.

हरिकेन म्हणजे ऑफिसातला तो सीनिअर, जो अप्रेझलमध्ये मागे पडतो आणि ज्याच्याशिवाय काम हलत नाही. इंजिन तेच, रोल्स-रॉइसचं मर्लिन. पण अंग जुन्या वळणाचं: स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, मागच्या भागावर चक्क कापड. पाठीला कुबड, पंख जाड. वेग ताशी सव्वापाचशेच्या आसपास. स्पिटफायर त्याहून पन्नासेक किलोमीटरने पुढे. पण १९४० च्या उन्हाळ्यात, बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये, हरिकेन संख्येने जास्त होती आणि ब्रिटिश लढाऊ विमानांनी जेवढं पाडलं त्यातलं निम्म्याहून अधिक त्यांच्या नावावर आहे. कापडातून गोळी आरपार गेली तर ठिगळ लावा आणि पुन्हा वर पाठवा. स्पिटफायरचा पत्रा फाटला की वर्कशॉप आणि वाट बघणं. तरीही पाडलेले जर्मन वैमानिक सांगायचे की आपल्याला पाडलं ते स्पिटफायरनेच. ब्रँडेड पराभव, दुसरं काय!

पण हरिकेनच्या आरतीत एक कडवं नेहमी गाळलं जातं. पेट्रोलच्या टाक्या वैमानिकाच्या पुढ्यात आणि दोन्ही बाजूंना पंखांच्या मुळाशी. तिथे आग लागली की ती काही सेकंदांत कॉकपिटमध्ये शिरायची. स्पिटफायरही जळायचंच, पण हरिकेनची ही ख्याती जास्त वाईट होती. चेहरे आणि बोटं जळालेली विशी-बाविशीतली पोरं ईस्ट ग्रिन्स्टेडच्या हॉस्पिटलात यायची, आणि आर्किबाल्ड मॅकिंडो हे प्लास्टिक सर्जन त्यांच्यावर एकामागून एक ऑपरेशनं करायचे. त्या पेशंटांनी १९४१ मध्ये स्वतःचा क्लब काढला: ‘गिनी पिग क्लब’. खजिनदार असा निवडला की ज्याचे पाय भाजलेले, म्हणजे पैसे घेऊन पळायला नको. सेक्रेटरीची बोटं भाजलेली, म्हणजे मीटिंगची लांबलचक टिपणं नकोत. आकड्यांच्या तक्त्यात याला रकाना नसतो.

समोरचं मेसरश्मिट १०९ काही लेचंपेचं नव्हतं. त्याला फ्युएल इंजेक्शन, मर्लिनला कार्ब्युरेटर. बाइकवाल्यांच्या लगेच लक्षात येईल. जर्मन वैमानिक नाक दाबून सरळ खाली सूर मारायचा. मागच्या इंग्रजाने तसंच केलं की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उसळायचं आणि इंजिन आचके द्यायचं. इलाज काढला बिआट्रिस शिलिंग या बाईंनी, १९४१ मध्ये. इलाज म्हणजे काय, तर भोक पाडलेली चिमुकली चकती, पेट्रोल मोजूनमापून पुढे सोडणारी. बाई सरकारी संशोधन केंद्रात इंजिनिअर आणि शिवाय बाइक रेसर. १९३४ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर त्यांनी नॉर्टनवरून ताशी शंभर मैलांच्या वर लॅप मारलेली. या अख्ख्या गोष्टीतलं सगळ्यात कूल कॅरेक्टर कुणी विचारलं, तर माझं मत बाईंना.

१०९ चं खरं दुखणं पेट्रोल. फ्रान्सहून निघून लंडनवर पोचलं की जेमतेम दहा मिनिटं लढता यायचं, मग घर. उशीर झाला की खाली इंग्लिश खाडी आहेच. तेव्हा टॉप स्पीडवाल्या मित्राला आपला जुना देशी प्रश्न विचारायचा: बाबा रे, अ‍ॅव्हरेज किती देते?

अ‍ॅव्हरेजमध्ये बादशहा जपानी झिरो. जिरो होरिकोशी यांचं डिझाइन, लढाईत उतरलं १९४० मध्ये. इंजिन हजार हॉर्सपॉवरच्याही आतलं, तरी जादा टाकी लावून पल्ला तीन हजार किलोमीटरचा. गिरकी तर अशी घ्यायचं की सुरुवातीला त्याच्याशी वळण्याची स्पर्धा लावायला गेलेले बरेच जण परतले नाहीत. जमलं कसं? वजन काढून. वैमानिकाच्या पाठीशी जाड पत्रा नाही, गोळी लागल्यावर आपोआप भोक बुजवणाऱ्या टाक्या नाहीत. १९४३ मध्ये अमेरिकेचं हेलकॅट आलं, दुप्पट ताकदीचं इंजिन आणि सहा जाडजूड मशीनगन घेऊन, आणि झिरो काडेपेटीसारखं पेटायला लागलं. विमानं कारखान्यातून येत राहिली. त्यात बसायला १९४१ सालचे कसलेले वैमानिक उरले नव्हते.

मस्टँगचं नाव निघालं की आधी १४ ऑक्टोबर १९४३ ही तारीख सांगायला हवी. त्या दिवशी अमेरिकेची २९१ बी-१७ बॉम्बर विमानं जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या बॉलबेअरिंग कारखान्यांवर निघाली. सोबतीला थंडरबोल्ट होती, पण पेट्रोल पुरेना म्हणून ती वाटेतून परत फिरली. पुढे जर्मन वाटच बघत होते. ६० बॉम्बर पडली. एकेका बॉम्बरमध्ये दहा-दहा जण. हिशेब तुम्हीच करा.

मस्टँगची कुंडली मजेशीर आहे. ऑर्डर ब्रिटिशांची, कंपनी अमेरिकन, आणि १९४० मध्ये शंभरेक दिवसांत पहिलं विमान उभं. मूळचं अ‍ॅलिसन इंजिन मात्र उंचावर धापा टाकायचं. १९४२ मध्ये रोल्स-रॉइसचा टेस्ट पायलट रॉनल्ड हार्करने ते उडवून बघितलं आणि यात मर्लिन बसवा असं सुचवलं. बसवलं. म्हणजे हृदय स्पिटफायरचं, पण जादा टाक्या लावून इंग्लंडहून बर्लिनला जाऊन परत येणारं. मार्च १९४४ मध्ये बर्लिनच्या आकाशात बॉम्बरांच्या सोबतीला मस्टँग दिसू लागलं. कामगिरीच्या जोरावर कप द्यायचा तर तो इथेच द्यावा लागतो, नाइलाज आहे.

मला स्वतःला कुणी त्या काळात नेऊन बसवणार असेल, तर मी मात्र थंडरबोल्ट मागेन. दिसायला दुधाच्या किटलीसारखं, भरलं की सहा-सात टन. पण मस्टँगच्या रेडिएटरला एक गोळी लागली की गाणं संपलं. थंडरबोल्टचं इंजिन हवेवर थंड होणारं, मार खाऊनही फिरत राहणारं. जून १९४३ मध्ये रॉबर्ट जॉन्सन हा वैमानिक असं एक चाळण झालेलं विमान घेऊन इंग्लंडला उतरला. त्याने भोकं मोजायला घेतली आणि दोनशेच्या पुढे कंटाळून सोडून दिली.

आणि हरिकेन? युरोपात नवी पोरं आल्यावर त्याची बदली झाली पूर्वेला. १९४४ मध्ये इम्फाळला जपान्यांनी वेढा घातला, तेव्हा भारतीय हवाई दलाची १ नंबरची स्क्वाड्रन तिथे हरिकेनच उडवत होती. कमांडर अर्जन सिंग, वय पंचविशीचं. काम बिनग्लॅमरचं: डोंगरदऱ्यांतून, झाडांना घासत जायचं, जपानी फौज कुठे दडलीय ते शोधायचं, येऊन सांगायचं, परत निघायचं. त्यांना तिथेच डीएफसी हे शौर्यपदक मिळालं. आपल्या हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला स्पिटफायर मिळालं तेही त्याच वर्षी, आणि कट्ट्यावर आजही तेवढंच सांगितलं जातं.