कागद नसलेला सुटा भाग

डिसेंबर २०१८ मध्ये दुबईहून ऑस्लोला निघालेले नॉर्वेजियन कंपनीचे नवेकोरे बोइंग विमान इंजिनातल्या बिघाडामुळे इराणमधल्या शिराझला उतरले. प्रवासी दुसऱ्या दिवशी वेगळ्या विमानाने गेले. ते विमान मात्र दोन महिन्यांहून अधिक काळ तिथेच अडकून पडले. अमेरिकी निर्बंधांमुळे सुटे भाग इराणात न्यायचे कसे, हाच पेच! पाहुण्याची ही गत, मग घरच्यांचे काय?

इराणच्या विमान कंपन्या १९७९ च्या क्रांतीनंतर असाच संसार करीत आल्या. एक विमान उभे करून त्याचे भाग दुसऱ्याला लावायचे, नाहीतर मध्यस्थामार्फत चोरवाटेने मिळवायचे. माझी उमेदीची वर्षे बँकेत पतपत्रे तपासण्यात गेली. त्यामुळे मला भागाइतकाच त्याचा कागद मोलाचा वाटतो. तो कुठे बनला, किती तास चालला, कोणी तपासला? चोरवाटेच्या मालाचे हे कोण छातीठोकपणे सांगणार?

२०१५ च्या अणुकरारानंतर इराण एअरने एअरबसकडे शंभर विमाने नोंदवली. २०१८ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली, तोवर हाती आली तीन.

अपघातांत वैमानिकाच्या चुका आणि हवामानही असते. सगळे खापर वॉशिंग्टनवर फोडू नये. सुरक्षेसाठी परवान्याची तरतूदही आहे म्हणे. पण परवाना असूनही पैसे पाठवायला बँक धजावत नसेल तर तो काय चाटायचा? मशहदच्या यात्रेला निघालेल्या आजीबाई काही अणुभट्टी चालवीत नाहीत. सुट्या भागांसाठी एक ठरलेली बँक नेमावी, आणि माल कारखान्यातून थेट हँगरमध्ये, शिक्क्यानिशी जाऊ द्यावा.