शास्त्र आणि संसार : इंद्रिय, मन आणि मोबाइल

बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. मागें आजीजवळ राहिलेल्या लेकरांस आईचा शब्द मोबाइलवरूनच ऐकावयास मिळतो. अशा वेळीं गालाचा स्पर्श पडद्यास होऊन बोलणें मध्येंच तुटलें, तर त्या लेकराची काय अवस्था होईल हें वाचकभगिनींस सांगावयास नको. तें तुटूं नये म्हणून मोबाइल कानाशीं नेतांच पडदा विझतो. ही योजना कशी रचतात, तें आज आम्ही सांगणार आहों.

न्यायशास्त्राप्रमाणें इंद्रिय व विषय यांचा सन्निकर्ष झाल्यावांचून प्रत्यक्ष ज्ञान नाहीं; आणि इंद्रियाशीं मनाचा संयोग नसेल तर सन्निकर्षहि व्यर्थ. मोबाइलांत समीपता ओळखणारा सेन्सर हें इंद्रिय. तो बहुधा डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो, व आदळून परत किती आला तें मोजतो. अँड्रॉइड मोबाइलच्या बुडाशीं लिनक्सचा कर्नेल असतो. कर्नेल म्हणजे गाभा, सैन्यांतला कर्नल नव्हे! लिनस टोरवाल्ड्स यानें तो १९९१ सालीं फिनलंडमध्यें विद्यार्थी असतांना आरंभिला. इंद्रिय आणि गाभा यांस जोडणारें मन तें ड्रायव्हर.

ड्रायव्हर रचतांना पहिला प्रश्न : विचारावें केव्हां? क्षणोक्षणीं विचारीत राहिलें तर बॅटरी व्यर्थ खर्चीं पडते. म्हणून चिपला मर्यादा सांगून ठेवतात. ती ओलांडली कीं चिपनें इंटरप्ट द्यावा, म्हणजे दाराची कडी वाजवावी. परंतु चिपशीं बोलणें ‘आय-टू-सी’ नांवाच्या दोन तारांवरून सावकाश चालतें. म्हणून कडी ऐकणारा भाग नुसती वर्दी देतो, आणि विचारपूस दुसरा भाग मागाहून करतो. सारें घर दारांत खोळंबत नाहीं.

दुसरा प्रश्न मर्यादेचा. एकच मर्यादा ठेवली तर उंबरठ्यावर घुटमळणाऱ्या पाहुण्याप्रमाणें आंकडा आंतबाहेर करतो, व पडदा लुकलुकतो. म्हणून ‘जवळ’ ठरविण्याचा आंकडा वरचा आणि ‘दूर’ ठरविण्याचा खालचा, असे दोन ठेवावे.

तिसरा प्रश्न सत्याचा, आणि आमच्या मतें तोच मुख्य. परत आलेला प्रकाश म्हणजे अंतर नव्हे. गाल, काळे केस, डोईवरचा पदर, प्रत्येकाचें परावर्तन निराळें. आंकडा वाढला म्हणजे वस्तु जवळ आली, एवढेंच खरें. त्याचे सेंटिमीटर करून सांगणें ही खोटी साक्ष होय. लिनक्सच्या ‘आयआयओ’ विभागांतहि अशा सेन्सरचा एककरहित आंकडा तसाच देण्याची रीत आहे. शिवाय प्रत्येक मोबाइलची कांच वेगळी. म्हणून ‘जवळ’चा आंकडा ड्रायव्हरांत कायमचा न कोरतां त्या यंत्राच्या वर्णनपत्रांत लिहितात. पडदा विझवावा कीं नाहीं, हा निर्णय वरच्या व्यवस्थेचा.

लिनक्सचे हे लेख कोणासहि वाचावयास मोकळे आहेत. अंबाजोगाईस अभियांत्रिकी शिकणाऱ्या आमच्या मुलांनीं ते अवश्य वाचावे. निरोप्या कसा असावा याचा तो उत्तम पाठ आहे : प्रसंगीं तत्पर, एरव्हीं मौन, पाहिलें तेवढेंच सांगणारा, आणि निर्णय वडीलधाऱ्यांवर सोडणारा. आमच्या एकत्र कुटुंबांतील कितीतरी कलह असा निरोप्या नसल्यामुळेंच होतात.