समजून घ्या : भाकरी खाल्ल्यावर शरीरात काय होते? ताटात खरी उणीव कशाची?

‘शुगर वाढली? आधी भाकरी बंद करा’ असा सल्ला देणाऱ्या रील्स सध्या प्रत्येकाच्या मोबाइलवर येतात. बीड जिल्ह्यात हा सल्ला पचणारा नाही. इथे ज्वारी-बाजरीची भाकरी हेच जेवण. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघणारी लाखो माणसे याच भाकरीच्या बळावर मोळ्या वाहतात. पण चिंताही खोटी नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार १०.१ कोटी भारतीयांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे भाकरीला दोष देण्याआधी तिचे पोटात काय होते, ते पाहू.

पचन कुठे सुरू होते?

तोंडात. भाकरीचा नुसता घास सावकाश चावत राहिलात, तर थोड्या वेळाने तो गोडसर लागतो. भाकरीतले पिष्ट, म्हणजे स्टार्च, ही ग्लुकोजच्या कणांची लांबलचक साखळी असते. लाळेतले अमायलेज हे विकर ती तोडू लागते. जठरातल्या आम्लामुळे हे काम थांबते.

खरे काम लहान आतड्यात होते. स्वादुपिंडातून येणारे अमायलेज साखळीचे आणखी तुकडे करते. शेवटची तोडणी आतड्याच्या भिंतीवरची विकरे करतात. उसाच्या साखरेसाठी सुक्रेज, दुधातल्या साखरेसाठी लॅक्टेज. लॅक्टेज कमी पडले की दूध प्यायल्यावर पोट फुगते, ते यामुळेच. साखळीचे सुटे कण झाल्यावरच ते रक्तात शिरतात आणि तिथून थेट यकृतात जातात.

मग साखर जाते कुठे?

यकृताला माजलगावचे धरण समजा. पाणी आले की साठवायचे, गरज पडली की सोडायचे. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठते. हा साठा भरला की उरलेल्या ऊर्जेची चरबी होते. साठवणुकीचा हुकूम देते इन्सुलिन. राबणारे स्नायू मात्र इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून दिवसभर ऊस तोडणाऱ्याला जी भाकरी इंधन आहे, तीच दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला जड जाते.

भाकरी, भात आणि चहा यांत फरक काय?

वेगाचा. चहातली साखर दोनच कणांची जोडी असते. ती झटपट तुटते आणि रक्तात उतरते. तंतुमय पदार्थ असलेले धान्य सावकाश पचते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, तर पॉलिश केलेल्या तांदळात ३ ग्रॅमांहून कमी. गव्हाचे न चाळलेले पीठही तंतूंच्या बाबतीत ज्वारीच्या मागे नाही.

चहाचा हिशेब मात्र आपण करतच नाही. दिवसाला पाच कप, कपात दोन चमचे, म्हणजे साधारण ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, म्हणजे दोन हजार कॅलरीच्या आहारात ५० ग्रॅमांच्या आत आणि शक्यतो २५ ग्रॅमांच्या आत राहा, असे सांगते.

म्हणजे भाकरी कितीही खा?

तसेही नाही. आयसीएमआरच्याच अभ्यासातून २०२५ मध्ये पुढे आलेला निष्कर्ष आपल्याला टोचणारा आहे. भारतीयांची सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतूनच येते. नुसता भात काढून त्या जागी पोळी किंवा भाकरी आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा कमी करून त्याजागी डाळी-कडधान्ये किंवा दूध-दही आले, तिथे धोका कमी आढळला.

आपल्या जुन्या ताटाला हे ठाऊक होते. भाकरीसोबत पिठले, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, ताक. आज फडावरच्या कोपीत अनेकदा भाकरी आणि ठेचा एवढेच उरते. कारण डाळ महाग आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पण डाळीचा हक्क या कायद्यात नाही. पोट भरते, ताट अपुरेच राहते.

साखर औषध कधी होते?

जुलाब झाल्यावर. आतड्यात ग्लुकोज आत शिरताना सोडियमला सोबत घेते आणि त्यामागून पाणीही ओढले जाते. ओआरएसचे सारे रहस्य यात आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच द्रावणाने असंख्य कॉलराग्रस्तांचे प्राण वाचवले. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्या आणि माप चुकवू नका. दुकानातले गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे.

आता करायचे काय?

घरात : चहातली साखर निम्मी करा, एक भाकरी कमी करून वाटीभर उसळ किंवा पिठले वाढा, जेवणानंतर थोडे चाला. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते.

सरकारने : रेशनवर मराठवाड्याची ज्वारी आणि तूरडाळ द्यावी, आणि ती ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला फडाजवळच्या दुकानातही मिळावी. साऱ्या देशाचा चहा गोड करणाऱ्या हातांना वाटीभर वरण मिळायला हवे. ही मागणी मोठी नाही.