पीक वाढेल, पदरात काय पडेल?

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या शेतावर २०२० साली सोयाबीनचा एक प्रयोग झाला. जनुक अभियांत्रिकीने पानांची प्रकाश वापरण्याची रीत बदललेल्या या पिकाने सरासरी २४.५ टक्के अधिक उत्पन्न दिले. २०२२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि या आकड्याचा बराच गाजावाजा झाला. २०२१ च्या हंगामात पीक लवकर लोळले व उत्पन्नात लक्षणीय फरक दिसला नाही, ही त्याच संशोधकांनी दिलेली हकिकत मात्र मागे पडली.

प्रयोगामागील कल्पना मोठी मार्मिक आहे. कडक उन्हात पानाला झेपेल त्याहून अधिक प्रकाश मिळतो. जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने टाकून देऊन पान स्वतःला वाचवते. मग ढग येतो, किंवा वरच्या पानाची सावली पडते. प्रकाश कमी झाला तरी पानाची ही उधळपट्टी लगेच थांबत नाही. ती थांबण्यास कित्येक मिनिटे लागतात. हा विलंब तीन जनुकांच्या साहाय्याने कमी करता येतो, हे २०१६ साली तंबाखूवर सिद्ध झाले होते.

दुसरा दोष रुबिस्को या विकराचा. त्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडावा अशी अपेक्षा. पण तो अधूनमधून प्राणवायूच पकडतो आणि ती चूक निस्तरण्यात वनस्पतीची कमाई खर्ची पडते. ज्वारी, मका व ऊस यांनी या दोषावर निसर्गतःच तोड काढली आहे. भातात तीच व्यवस्था आणण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २००८ पासून चालू आहे, तरी असा भात अद्याप शेतकऱ्याच्या हाती आलेला नाही. ज्या ज्वारीकडे पाठ फिरवून महाराष्ट्रातील शेतकरी सोयाबीनकडे वळला, तिला ही कला उपजतच अवगत असावी, हा योगायोग गमतीचाच म्हटला पाहिजे.

हरितक्रांतीतील बुटक्या गव्हाने पानाची कार्यक्षमता वाढवली नव्हती. रोपाच्या वजनातील दाण्यांचा वाटा वाढवला होता. तो वाटा आता फारसा वाढण्याजोगा उरलेला नाही. म्हणून संशोधकांची दृष्टी पानाकडे वळली, हे योग्यच झाले. परंतु दाणा केवळ प्रकाशाने भरत नाही. जो घटक सर्वांत कमी तो उत्पन्नाची मर्यादा ठरवतो, आणि मराठवाड्यातील कोरडवाहू शेतात तो घटक बहुधा पाणी असतो. ऐन शेंगा भरताना पावसाने ओढ दिली, तर पानाची चलाखी कितपत उपयोगी पडणार?

त्यापुढचा प्रश्न बाजाराचा. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. महाराष्ट्रातील अनेक बाजारांत प्रत्यक्ष भाव त्याखाली राहिला. सर्वांचेच उत्पन्न चतुर्थांशाने वाढले, तर भाव आणखी घसरून वाढीचा मोठा हिस्सा तेलगिरण्यांकडे व ग्राहकाकडे जाईल. ग्राहकाला स्वस्त तेल मिळावे यात गैर काही नाही. खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक भाग आयात करणाऱ्या देशाला तर ते हवेच. मात्र याला शेतकऱ्याची समृद्धी म्हणता येत नाही.

मालकीचा प्रश्न येथे कापसाहून निराळा आहे. संकरित कापसाचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. सोयाबीनचे बी शेतकरी घरचे राखू शकतो, आणि २००१ च्या कायद्याने त्याला तो हक्कही दिला आहे. साहजिकच खासगी कंपनीला यात नफ्याची ओढ कमी राहणार. अमेरिकेतील संशोधनालाही २०१२ पासून मोठा आधार मिळाला तो गेट्स प्रतिष्ठानचा. भारतात हे काम सरकारी संस्थांनाच अंगावर घ्यावे लागेल, आणि त्यांची वाट बिकट आहे. बीटी कापूस २००२ साली आला. बीटी वांगे २०१० साली थांबवले गेले. जनुकांतरित मोहरीला २०२२ साली मिळालेल्या परवानगीवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०२४ साली परस्परविरोधी निकाल दिले.

उद्या परभणीच्या किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने असा वाण स्वतःच्या काळ्या जमिनीत, पावसाच्या खंडासह, चार-पाच हंगाम तपासायचे ठरवले, तर केंद्राची परवानगी, राज्याचे ना हरकत पत्र आणि पैसा या तिन्हींसाठी त्याला किती वर्षे हेलपाटे घालावे लागतील, याचे उत्तर इलिनॉयच्या शेतात मिळणार नाही.