काटा वाचता येतो का?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातून उत्तरेला निघालं की ब्लेन गावापाशी कॅनडाची सीमा लागते. रस्ता तोच, पाऊस तोच, पुढचे डोंगरही सामाईकच. पण गाडी एअर ब्रेकची, पंधरा-वीस टनांची मोटारहोम असेल, तर सीमेच्या दोन बाजूंना कायदा वेगवेगळं बोलतो. वॉशिंग्टनमध्ये स्वतःच्या सहलीसाठी ती चालवायला रोजच्या मोटारीचा परवाना पुरतो. ब्रिटिश कोलंबियात राहणाऱ्याला मात्र त्याच साध्या परवान्यावर एअर ब्रेकची वेगळी नोंद करून घ्यावी लागते आणि त्यासाठी लेखी परीक्षा व प्रात्यक्षिक द्यावं लागतं. यातलं बरोबर कोण?

सिएटल-व्हँकुव्हरकडे मुलांकडे जाऊन आलेल्या वाचकांनी या गाड्या पाहिल्या असतील. आत पलंग, स्वयंपाकघर, न्हाणीघर. मागे दोरखंडाऐवजी लोखंडी दांडीला जोडलेली छोटी मोटार. चालवणारा बहुधा साठी ओलांडलेला. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारहोमना सहसा आपल्या मोटारीसारखे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक असतात. मागे डिझेल इंजिन असलेल्या मोठ्या गाड्यांना मात्र ट्रक-बसचे एअर ब्रेक असतात. घर म्हणून विकत घेतलेली ही वस्तू खालून ट्रकच असते.

एअर ब्रेक मराठी वाचकाला कानाने तरी ओळखीचा आहे. पहाटे आगारात एसटी उभ्या जागी घुरघुरत असते, कारण टाकीत हवा भरल्याशिवाय ती हलवायची नसते. हवा पुरेशी झाली की जादा हवा ‘फुस्स’ करून बाहेर पडते. मोटारहोममध्येही हेच. दाब साधारण १२० ते १३० पीएसआयला पोचला की कॉम्प्रेसर हवा भरणं थांबवतो. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये जेमतेम ३२-३५ असते, यावरून अंदाज यावा.

या यंत्रणेची मूळ कल्पना रेल्वेची. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये पहिल्या एअर ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यात नळी फुटली की ब्रेक गेला. मग त्याने व्यवस्था उलटी केली: हवा गेली की ब्रेक आपोआप लागावा. आजच्या ट्रक-बसच्या पार्किंग ब्रेकमागे हाच विचार आहे. तिथे जाडजूड स्प्रिंग ब्रेक लावून धरते आणि हवा तिला मागे रेटून चाक मोकळं करते. हवा संपत आली की स्प्रिंग जिंकते, डॅशबोर्डवरचं पिवळं बटण टपकन बाहेर येतं आणि गाडी जागच्या जागी जखडते.

परीक्षा नको म्हणणाऱ्यांचा पहिला आधार हाच आहे. यंत्रणाच इतकी सावध केली आहे, तर हौशी माणसाला वेठीला का धरायचं? अमेरिकेत ऑक्टोबर १९९४ नंतर बनलेल्या अशा गाड्यांमध्ये ब्रेकची झीज भरून काढणारे स्वयंचलित अ‍ॅडजस्टर सक्तीचे आहेत. हवेची मंडलं दोन असतात, एक फुटलं तरी दुसरं काम करतं. मोटारहोमवाल्याला माल पोचवायची घाई नसते, तो दिवसा आणि बेताने चालवतो. शिवाय परीक्षा म्हटली की घोकंपट्टी आली. आकडे पाठ करून उत्तीर्ण झालेला माणूस दोन वर्षांनी सगळं विसरून जातो, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

हे आक्षेप पोकळ नाहीत. आणखी एक तर ते लोक नीट मांडतही नाहीत, तो मी त्यांच्या वतीने मांडतो. एअर ब्रेकचे अभ्यासक्रम ट्रकवाल्यांसाठी आखलेले. त्यात गाडीखाली शिरून ब्रेकचा दांडा किती सरकतो हे मोजण्याचा धडा असतो. पण मोठ्या मोटारहोमचं धूडही हवेच्या फुग्यांवरच तोललेलं असतं. फुग्यातली हवा उतरली तर ते खाली बसतं आणि मधे माणूस असेल तर चिरडतो. भक्कम आधार लावल्याशिवाय त्याखाली कुणी जाऊ नये. स्वयंचलित अ‍ॅडजस्टर पान्याने हाताने आवळणं तर चूकच. तो सैल का पडला हे मूळ दुखणं त्याखाली झाकलं जातं. म्हणजे ट्रकची परीक्षा जशीच्या तशी सत्तरीच्या शिक्षिकेला दिली, तर तिला एक नवा धोका शिकवल्यासारखं होईल.

तरीही माझा कल परीक्षेकडे आहे, आणि त्याची कारणं ब्रेकच्याच पोटात आहेत.

दाबाचा काटा सगळं सांगत नाही. लांब उतारावर पेडलवर पाय ठेवून बसलं की ड्रम तापतो, तापला की फुगतो आणि ब्रेकच्या पट्ट्यांपासून दूर जातो. दांड्याला जास्त अंतर सरकावं लागतं. सरकण्याची हद्द संपली की काटा १२० वर डौलात उभा आणि गाडी मात्र थांबत नाही. अशा वेळी ती आपोआप लागणारी स्प्रिंगही उपयोगाची नाही, कारण हवा गेलेलीच नसते. उतरणीला लागण्यापूर्वीच खालचा गियर घ्यायचा, इंजिनाला गाडी अडवू द्यायची आणि ब्रेक लावलाच तर ठाम लावून सोडून द्यायचा, हे तेलाच्या ब्रेकवर तीस वर्षं काढलेल्या पायाला आपण होऊन सुचत नाही. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये उतार उतरण्याचे परिणाम पुण्याच्या नवले पुलाशेजारी राहणाऱ्यांना विचारावेत. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद; प्रत्येक वेळी पेडल दाबलं की शिल्लक हवेतून खर्च.

दुसरं कारण मोटारहोमच्या स्वभावात आहे. ट्रक रोज धावतो, ही गाडी सहा-सहा महिने उभी असते. टाकीत पाणी साचतं, रबरी सील सुकतात, ड्रमला गंज धरतो. व्यावसायिक ट्रकला अमेरिकेत वर्षातून एकदा तपासणी बंधनकारक आहे, वर चालकाने रोज निघण्यापूर्वी पाहायचं ते वेगळंच. खासगी मोटारहोमला हे केंद्रीय नियम लागू नाहीत. एवढा पहारा असूनही, रस्त्यावरच्या तपासणीत ट्रक अडवून ठेवण्याचं सर्वांत मोठं कारण वर्षानुवर्षं ब्रेकचीच खोट हे राहिलं आहे. पहारा नसलेल्या गाड्यांचं काय असेल?

आणि कायद्यातली विसंगती पाहा. अमेरिकेत ट्रकचा चालक एअर ब्रेकच्या परीक्षेत नापास झाला, तर त्याच्या परवान्यावर तशी बंदी लिहिली जाते. तेवढ्याच वजनाची, तसेच ब्रेक असलेली गाडी सहलीला नेणाऱ्याला बऱ्याच राज्यांत कुणी प्रश्नही विचारत नाही. उतारावर गाडीला काय कळतं, आत माल आहे की नातवंडं?

म्हणून ब्रिटिश कोलंबियाने मर्यादा योग्य जागी आखली आहे असं मला वाटतं. धंदेवाईक परवाना मागायचा नाही, माणसाचा पेशा पाहायचा नाही. ब्रेक कोणता आहे एवढंच पाहायचं. फक्त परीक्षेतला मजकूर मोटारहोमसाठी बदलावा. गाडीखालचं सगळं मेकॅनिककडे, वर्षातून एकदा, पावतीसह. चालकाकडून हवं ते आसनावर बसून, दहा मिनिटांत करून दाखवण्याजोगं आहे.

सपाट जागा, चाकांना ठोकळे. हवा पूर्ण भरून इंजिन बंद, किल्ली चालू, पार्किंग ब्रेक मोकळा. पेडल दाबून एक मिनिट धरायचं: दाब ३ पीएसआयपेक्षा जास्त उतरू नये. मग पेडल पुन्हापुन्हा दाबून हवा खर्च करायची. ६०च्या आसपास, निदान ५५च्या आत जाण्यापूर्वी, दिवा आणि बझर जागे झाले पाहिजेत; २० ते ४५च्या दरम्यान पिवळं बटण बाहेर आलं पाहिजे. परत इंजिन सुरू केलं की ८५ वरून १०० वर यायला ४५ सेकंदांहून जास्त वेळ लागू नये. शेवटी ठोकळे काढून, पार्किंग ब्रेक लावूनच गाडी अलगद पुढे ओढून पाहायची. हलली तर सहल रद्द.

यात घोकण्यासारखं फार थोडं आहे, हाताला वळण लावण्यासारखं बरंच. विसरण्याचा आक्षेप इथे निम्मा गळतो. उरलेल्या निम्म्यासाठी परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी हीच दहा मिनिटं पुन्हा मागावीत.

वॉशिंग्टनचा कायदा बदलेल तेव्हा बदलो. तिकडे जुनी मोटारहोम पाहायला जाणाऱ्याने गाद्या आणि ओव्हन नंतर बघावेत. आधी इंजिन बंद करून एक मिनिट पेडल दाबून बसावं आणि काटा तीनहून जास्त खाली आला, तर किल्ली विकणाऱ्याच्या हातात परत ठेवावी.