क्ष-किरण विभागाकडे जाणारी आपली चिठ्ठी

रुग्णालयातील क्ष-किरण विभाग म्हणजे चित्रे काढून देणारे दुकान नव्हे, हे विधान कोणीही वैद्य मान्य करील. परंतु आपण ज्या चिठ्ठीने रुग्ण तेथे पाठवितो ती पाहिली, तर आपली खरी समजूत निराळी असल्याचे दिसते. ‘सोनोग्राफी – पोट’, ‘एम.आर.आय. – कंबर’, ‘एक्स-रे – गुडघा’. बस्स, एवढेच. वेदना कोठे व किती दिवसांची, पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे काय, आणि मुख्य म्हणजे आपणांस शंका कशाची आहे, यांपैकी काहीही त्यावर नसते. दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा शिकविणाऱ्या शास्त्राच्या अनुयायाने एकही प्रश्न न लिहिता रुग्ण पाठवावा, हे शोभत नाही.

आपल्या पदव्युत्तर शिक्षणात या विषयास ‘छाया एवं विकिरण विज्ञान’ असे नाव योजले गेले, ते मला फार समर्पक वाटते. क्ष-किरण चित्र ही छायाच आहे. रॉंटगेन यांना १८९५ साली हे किरण गवसले, तेव्हापासून आजच्या डिजिटल यंत्रापर्यंत तत्त्व बदललेले नाही: घन वस्तू किरण अडविते, विरळ वस्तू ते जाऊ देते. सोनोग्राफीत ध्वनिलहरींचा प्रतिध्वनी ऐकला जातो, सी.टी.मध्ये क्ष-किरणांच्याच असंख्य मोजमापांवरून संगणक शरीराचे आडवे छेद रचतो, एम.आर.आय.मध्ये चुंबकीय क्षेत्रात शरीरातील जलांश बोलका होतो. म्हणजे ज्यास आपण ‘प्रत्यक्ष’ समजतो ते बहुतांशी अनुमान आहे, आणि अनुमानास पूर्वज्ञान लागते. ते पूर्वज्ञान रेडिऑलॉजिस्टला आपल्या चिठ्ठीतूनच मिळावयाचे असते.

अश्मरीचे उदाहरण घेऊ, कारण हा रुग्ण आपणां सर्वांकडे येतो. मूत्रपिंडातील खडा सोनोग्राफीत सहसा दिसतो. परंतु तोच खडा मूत्रवाहिनीच्या मध्यभागी उतरला, की आतड्यांतील वायूमुळे तो बहुधा दृष्टीआड होतो. साध्या क्ष-किरण चित्रात कॅल्शियमयुक्त खडे उमटतात, युरिक आम्लाचे उमटत नाहीत. कॉन्ट्रास्टविना केलेल्या सी.टी.मध्ये मात्र जवळजवळ सर्व प्रकारचे खडे सापडतात. आता पाषाणभेद, गोक्षुर, वरुण यांच्या योगांनी रुग्णाची कळ आठ दिवसांत थांबली आणि सोनोग्राफीच्या अहवालात ‘खडा दिसत नाही’ असे आले, तर खडा पडला असे समजावे काय? मुळीच समजू नये. कळ थांबण्याचे कारण अवरोध दूर होणे हेच असेल असे नाही. मूत्रवाहिनीत खडा अडकून राहतो, वेदना शमते, आणि वरचे मूत्रपिंड मात्र मुकाट्याने फुगत जाते. अशा स्थितीत महिने लोटले तर ते मूत्रपिंड कायमचे निकामी होऊ शकते. म्हणून चिठ्ठीवर नुसते ‘पोट’ न लिहिता ‘उजव्या मूत्रवाहिनीत ७ मि.मी.चा खडा होता, तीन आठवडे चिकित्सा झाली, वेदना नाही. मूत्रपिंडास सूज उरली आहे काय?’ असे विचारावे. या एका वाक्याने तपासणाऱ्याची दृष्टी कोठे खिळावयाची ते ठरते. ज्वर असल्यास तेही लिहावे, आणि ज्वर व अवरोध एकत्र असतील तर रुग्ण त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे गेला पाहिजे.

कटिशूलाच्या बाबतीत उलट दोष आढळतो. येथे आपण तपासणी फार लवकर व फार मोठी मागतो. एम.आर.आय.मध्ये ‘डिस्क बल्ज’ हा शब्द आला की रुग्ण घाबरतो आणि, खरे सांगावयाचे तर, काही वैद्यही घाबरतात. वास्तविक कोणतीही वेदना नसलेल्या मध्यमवयीन माणसांच्या मणक्यांतही असे बदल पुष्कळदा दिसतात. नुकत्याच सुरू झालेल्या, अन्य लक्षण नसलेल्या कटिशूलास पहिले काही आठवडे कोणत्याही यंत्राची गरज नसते. मात्र मूत्रप्रवृत्ती रोखली जाणे, मांड्यांच्या आतील भागाची संवेदना जाणे, पाय लुळा पडणे, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी एम.आर.आय. झाला पाहिजे. रात्री वाढणारी वेदना, सायंकाळचा ज्वर व वजनातील घट असेल तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. क्षयात साध्या क्ष-किरण चित्रात बदल दिसू लागेपर्यंत हाडाचा बराच भाग झिजून गेलेला असतो. केवळ ‘एक्स-रे नॉर्मल’ या आधारावर अशा रुग्णास कटिबस्ती देत राहणे धोक्याचे आहे.

किरणांच्या मात्रेविषयीही आपल्यात दोन टोके आहेत. छातीच्या एका चित्रात मिळणारी मात्रा साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट असते. तीस भिऊन दोन आठवड्यांहून जुन्या कासात क्ष-किरण चित्र टाळणे हा अविचार होय. पोटाच्या सी.टी.त मात्र ती ८ ते १० मिलिसिव्हर्टच्या घरात जाते, म्हणजे निसर्गातून मनुष्यास तीन-चार वर्षांत मिळते तेवढी. तेव्हा ‘एकदा सी.टी. करूनच टाकू’ हे तरुण रुग्णाच्या बाबतीत सहज उच्चारण्याचे वाक्य नव्हे. सोनोग्राफी व एम.आर.आय.मध्ये हे किरण नसतात. एम.आर.आय.चे चुंबक मात्र कधीही बंद नसते. २०१८ साली मुंबईतील एका महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या नळकांड्यासह आत ओढला जाऊन एक मनुष्य दगावला, ही घटना विसरता येत नाही. पेसमेकर, शरीरातील धातूच्या पट्ट्या, इतकेच काय, ताईत व करगोट्यातील धातूदेखील आधीच विचारून घ्यावा.

आता खास आपल्या क्षेत्राची गोष्ट, जी आपल्यावाचून दुसरे कोणी चिठ्ठीत लिहिणार नाही. धातुघटित रसौषधींच्या गुटिका पोटाच्या क्ष-किरण चित्रात पांढऱ्या ठिपक्यांसारख्या उमटू शकतात. तपासणाऱ्यास त्याची कल्पना नसेल तर त्या ठिपक्यांचा अर्थ खडा किंवा गिळलेली वस्तू असा लागण्याचा संभव आहे. कॉन्ट्रास्ट देऊन करावयाच्या सी.टी.पूर्वी मूत्रपिंडांची स्थिती पाहणे आवश्यक असते आणि त्यासाठी क्रिॲटिनिनची तपासणी मागतात. रुग्ण मेटफॉर्मिन घेत असेल व मूत्रपिंडे दुर्बल असतील तर ते काही काळ थांबवावे लागते. रसौषधी चालू असल्याचे येथेही सांगितलेच पाहिजे. ते लपविण्यात आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा राहते असे ज्यांस वाटते, त्यांच्याशी मी सहमत नाही. औषधालयांच्या चालकांनीही विक्रीच्या पावतीवर कल्पाचे पूर्ण नाव व बॅच क्रमांक लिहून द्यावा. रुग्णास ‘लाल गोळी’ याहून अधिक काही आठवत नाही, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे.

गर्भवतीच्या चिठ्ठीविषयी विशेष दक्षता हवी. १९९४ च्या कायद्यान्वये (ज्यात पुढे २००३ साली सुधारणा झाली) प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीचा ‘एफ’ नमुना भरावा लागतो, त्यात पाठविणाऱ्या वैद्याचे नाव व पत्ता येतो आणि चिठ्ठी नमुन्यासोबत जतन केली जाते. कारण न लिहिता दिलेली चिठ्ठी तेथे अडचणीची ठरते, आणि लिंगनिदानासाठी पाठविणे हा तर गुन्हाच आहे.

राहिला ‘कट’चा विषय. यावर आपल्या बैठकांत कुजबुज होते, बोलले जात नाही. जो विभाग पाकीट पाठवितो त्याच्याकडेच रुग्ण गेला, की चिठ्ठीवरील प्रश्नास अर्थ उरत नाही. तेथे प्रश्न आधीच सुटलेला असतो! महाराष्ट्रात २०१७ साली कट-प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार करण्यात आला होता. परंतु संघटनेने कायद्याची वाट का पाहावी? सभासदांनी पाकीट न घेण्याचे लेखी अभिवचन देण्याचा ठराव वार्षिक सभेत मांडावा, अशी माझी सूचना आहे.

दुसरी सूचना त्याहून सोपी. संघटनेने चिठ्ठीचा एक छापील नमुना सभासदांस द्यावा. त्यात वय, लक्षणे व त्यांचा काळ, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, स्त्रियांची शेवटची पाळी, चालू औषधे (रसौषधींसह), क्रिॲटिनिन, जुन्या चित्रांची वा सी.डी.ची नोंद आणि खाली ‘शंका’ या शब्दापुढे दोन मोकळ्या ओळी असाव्यात. पित्ताशयाच्या सोनोग्राफीसाठी सहा ते आठ तास उपाशीपोटी व कटीरासाठी मूत्राशय भरून जावे, संधिगत वातात गुडघ्याचे चित्र उभे राहूनच काढवून घ्यावे, बेरियमची तपासणी पोटाच्या सी.टी.च्या आधी ठेवू नये, या गोष्टी मागील बाजूस मराठीत छापाव्यात, म्हणजे रुग्णाचा एक हेलपाटा वाचेल.