सुटीच्या गांवास सुटी केव्हां?

उन्हाळा लागून शाळांच्या परीक्षा आटोपल्या, कीं मुंबई-पुण्याच्या मध्यम वर्गास डोंगर आठवूं लागतात. माथेरान, महाबळेश्वर, पांचगणी हीं नांवें घरोघर ऐकूं येतात, बॅगा भरल्या जातात, आणि वर्षभर कचेरीच्या घड्याळाकडे पाहून जगलेला गृहस्थ चार दिवस तें घड्याळ काढून ठेवतो. हें योग्यच आहे. विश्रांतीवांचून मनुष्य यंत्राहूनही लवकर झिजतो. परंतु ज्या गांवीं जाऊन तो घड्याळ काढतो, त्या गांवच्या दुकानदाराचें घड्याळ नेमकें त्याच दिवसांत दुप्पट वेगानें धांवूं लागतें, हें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. आज आम्ही लिहीत आहों तें ह्या दुसऱ्या गृहस्थाविषयीं, आणि त्याच्याहूनही अधिक त्याच्या घरच्या माणसांविषयीं.

उदाहरणादाखल माथेरानच घ्यावें. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांनीं हा डोंगर साहेबलोकांच्या नजरेस आणला. पुढें पीरभॉय घराण्याच्या पैशानें आणि जिद्दीनें बांधलेली छोटी आगगाडी १९०७ सालीं नेरळाहून वर पोंचली. आणि तेव्हांपासून आजतागायत ह्या गांवाचें पोट हवा खाण्यास येणाऱ्या पाहुण्यांवर भरत आलें आहे. वर शेती नाहीं, गिरणी नाहीं, कारखाना नाहीं. चिक्की, मध, चामड्याच्या चपला, खानावळ, लॉज आणि घोडा, हींच काय तीं उत्पन्नाचीं साधनें. मोटारीस मज्जाव असल्यामुळें दस्तुरी नाक्यावर उतरलेला माल पिढ्यान् पिढ्या घोड्याच्या पाठीवरून, हातगाडीवरून किंवा माणसाच्या डोक्यावरून बाजारांत येत आला आहे, व त्या चढणीचा दाम प्रत्येक जिनसेच्या किमतींत मिसळत आला आहे. हें उत्पन्नही बारमाही नव्हे. दिवाळीचा पंधरवडा, नाताळचा आठवडा, एप्रिलपासून पहिल्या पावसापर्यंतचे दिवस आणि मधले शनिवार-रविवार, एवढ्यांत वर्षाचा संसार उरकावयाचा. पावसाळा लागला कीं नेरळाहून येणारी गाडी बंद होते, आणि बाजारांत ओल्या लाल मातीवांचून फारसें कांहीं दिसत नाहीं.

अशा गांवांतील एका सामान्य दुकानाचा दिवस कसा जातो तें पाहूं. पुढें दुकान व मागें बिऱ्हाड, अशी रचना पुष्कळ ठिकाणीं असते. सकाळीं सातांस फळी उघडते व रात्रीं नऊ वाजले तरी ती लागत नाहीं. दिवसाचे चौदा तास आणि आठवड्याचे सातही दिवस धरिले, तर हिशेब ९८ तासांचा होतो. महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांस २०२० सालापासून पांच दिवसांचा आठवडा मिळाला. त्या कचेरींतील कारकून ज्या दिवशीं डोंगरावर येतो, त्या दिवशीं त्याला चहा देणारा मनुष्य आठवड्याचा सातवा दिवस उभ्यानें काढीत असतो. जेवण गल्ल्यावरच, घांसागणिक गिऱ्हाईक. आजारी आईस खालीं कर्जतच्या डॉक्टरकडे न्यावयाचें, तर "जरा हंगाम उरकूं द्या." बहिणीच्या मुलीचें लग्न मे महिन्यांत निघालें, तर आहेर पाठवावयाचा व आपण जावयाचें नाहीं. मे महिना म्हणजे आमच्याकडे लग्नसराईचा महिना; तेव्हां ह्या दुकानदारांनीं आप्तांच्या किती अक्षता चुकविल्या असतील, ह्याची गणना त्यांनींच करावी.

मुलांची गोष्ट तर अधिकच विलक्षण आहे. शाळेस सुटी लागते तेव्हां आईबापांचें काम शिगेस पोंचलेलें असतें; जूनच्या मध्यास बाजार ओस पडून आईबाप मोकळे होतात, तेव्हां शाळा सुरू होते. ज्या दिवसांत साऱ्या महाराष्ट्राच्या मुलांस आईबाप सांपडतात, त्याच दिवसांत ह्या मुलांचे हरवतात. दहा वर्षांचा मुलगा गल्ल्यापाशीं सुटे पैसे मोजतांना दिसला, कीं पाहुणे "किती हुशार आहे हो!" म्हणून कौतुक करतात. तो हुशार असेलही. पण त्याच पाहुण्यांचा दहा वर्षांचा मुलगा त्या वेळीं घोड्यावर बसलेला असतो.

ह्यावर व्यापाऱ्यांचें उत्तर आम्हांस ठाऊक आहे. "आठ महिन्यांचें पोट चार महिन्यांत भरावयाचें आहे. हंगामांत झिजावें, पावसांत झोपावें. सुटीच्या गोष्टी पगारदारांनीं सांगाव्या." हें उत्तर उडवून लावण्यासारखें नाहीं. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनें ह्या डोंगराची आगगाडी बंद पाडली, ती २००७ सालीं पुन्हां सुरू झाली. २०१९ च्या पावसानें रूळ पुन्हां उखडले, तेव्हां नेरळाहून वरपर्यंतची गाडी धावण्यास २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. मध्यंतरीं २०२० सालीं साथीच्या टाळेबंदीनें ऐन उन्हाळ्याचा सबंध हंगाम गिळला. ज्यानें हंगामासाठीं उसनवारीनें माल भरून ठेवावा आणि एकही गिऱ्हाईक न पाहतां तो बुरशीस अर्पण करावा, त्याला एका मंगळवारची विक्रीही सोडवत नसेल, तर त्याला लोभी म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. तो भ्यालेला आहे, आणि त्याच्या भीतीस कारणें आहेत.

तथापि "पावसांत झोपावें" हा जो त्या उत्तराचा दुसरा भाग, तो आम्हांस मान्य नाहीं, कारण तो खरा नाहीं. पावसाळ्यांत हा गृहस्थ झोंपत नाहीं. छपरावर प्लास्टिक अंथरावयाचें, भिंतीची ओल काढावयाची, चामड्यावर चढलेली बुरशी पुसावयाची, मऊ पडलेली चिक्की टाकावी कीं नाहीं ह्याचा वाद घालावयाचा, व्यापाऱ्याची थकलेली बाकी कशी फेडावी ह्याची चिंता वाहावयाची. ह्या उद्योगास विश्रांति म्हणावें तर तुरुंगासही घर म्हणतां येईल. त्यांत अलीकडे धुकें व धबधबे पाहण्यास शनिवार-रविवारीं तरुणांच्या झुंडी येऊं लागल्याने पावसाळाही पुरता मोकळा राहिलेला नाहीं. आणि लॉजवाल्याच्या उशाशीं मोबाइल आहेच. खोली आहे काय, भाडें किती, गरम पाणी मिळेल काय, हे प्रश्न मध्यरात्रीं येतात, आणि उत्तरास उशीर झाला तर पाहुणा दुसऱ्या दारीं जातो. चार महिने ताणलेली दोरी आठ महिने ढिली सोडली म्हणजे सारखी होते, असा हिशेब दोरीचा करतां येईल. माणसाचा, विशेषतः वाढत्या मुलाचा, करतां येत नाहीं. मे महिन्यांतला बाप ऑगस्टांत परत देण्याची सोय अजून निघालेली नाहीं.

आतां वहीकडे वळूं, कारण आमचे वाचक बहुतेक व्यापारी असून वहीची भाषा त्यांस अधिक पटते. हंगाम संपल्यावर दुकानदार जमाखर्च मांडतो. मालाची किंमत, वाहतूक, भाडें, वीज, नोकराचा पगार वजा जातां उरलेलें तें नफा म्हणून लिहितो. त्या वहींत बायकोच्या कामाचा रकाना आम्हीं कोठें पाहिला नाहीं. पहांटे उठून डबे भरणारी, दुपारीं वडे तळणारी, रात्रीं भांडीं घांसून सकाळचें पीठ भिजवणारी ही बाई परकी असती, तर तिला पगार द्यावा लागला असता. म्हातारी आई लसूण सोलते, तिलाही कांहीं द्यावें लागलें असतें. आमची सूचना अशी कीं, एका हंगामापुरता हा पगार बाजारभावानें वहींत मांडून पहावा. कित्येक दुकानांचा नफा त्या दिवशीं तोटा ठरेल. मग ध्यानांत येईल कीं, आपण धंदा चालवीत नसून घरच्या माणसांचें आयुष्य उधारीवर विकीत आहों, आणि ती उधारी कोणी परत मागत नाहीं म्हणूनच दुकान चालल्यासारखें दिसतें.

कायद्याकडून ह्या कामीं फारशी आशा करूं नये. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं १८८४ सालीं गिरणीकामगारांची संस्था उभी केली व १८९० च्या जून महिन्यांत गिरणीमालकांकडून रविवारची सुटी मिळविली. त्या लढ्यांत निदान सुटी देणारा मालक समोर उभा होता. माथेरानच्या दुकानदारानें अर्ज कोणाकडे करावा? मालक तोच, मजूर तोच. मुंबई इलाख्याच्या १९४८ च्या दुकानें व आस्थापनांच्या कायद्यानें, कांहीं अपवाद सोडून, आठवड्यांतून एक दिवस दुकान बंद ठेवणें भाग पाडलें होतें. २०१७ सालीं नवा कायदा आला, त्यानें वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडें ठेवण्यास मोकळीक दिली आणि कामगारास मात्र आठवड्याची सुटी राखली. कामगारापुरतें हें ठीक झालें. पण जेथें गल्ल्यावर नवरा, चुलीवर बायको आणि हाताखालीं मुलगा, तेथें कामगार म्हणून कोणाचें नांव लिहावें? २०२५ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें माथेरानांतील माणसानें माणसास ओढून नेण्याच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, तो सर्वथैव न्याय्य होता. रिक्षा ओढणाराचे कष्ट रस्त्यावर दिसतात. गल्ल्यामागचे कष्ट रस्त्यावरून दिसत नाहींत, म्हणून त्यांचा निवाडा ज्यानें त्यानेंच करावयाचा आहे.

आणि सुटी घेतली म्हणजे धंदा बुडतो, ही समजूत आपल्या मुलखानेंच खोटी पाडलेली आहे. माथेरान ज्या रायगड जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून बेने इस्राएल लोक पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवीत असत. शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकऱ्यांनीं त्यांस 'शनवार तेली' असेंच नांव दिलें. त्यांचें तेल शुक्रवारीं घेऊन ठेवावें, एवढें गिऱ्हाईकास ठाऊक असे, आणि तेवढ्यानें भागत असे. आमचा शेतकरी पोळ्याच्या दिवशीं बैलास जूं लावीत नाहीं. कित्येक गांवीं आठवड्याचा एक वारही त्यासाठीं राखलेला असे. बैलाइतका तरी मान दुकानदारानें स्वतःस द्यावयास काय हरकत आहे? पुणेकर दुकानदाराच्या दुपारच्या झोंपेवर विनोद पुष्कळ झाले, पण तो झोंपला म्हणून लक्ष्मी रस्ता ओसाड पडल्याचें कोणी ऐकलें नाहीं.

फरक इतकाच कीं शनवार तेल्यांची सुटी साऱ्या जमातीची एक होती. एकट्यानें फळी लावली तर शेजाऱ्याचें फावतें. सर्वांनीं लावली तर कोणाचेंच बिघडत नाहीं. ह्यास्तव आमचें म्हणणें आहे कीं हा प्रश्न घराघरांतला नसून बाजाराचा आहे, आणि तो बाजारानेंच सोडवावा. मंगळवार व बुधवार हे हंगामांतही त्यांतल्या त्यांत मंदीचे वार. रस्त्याच्या एका बाजूच्या दुकानांनीं मंगळवार पाळावा, दुसऱ्या बाजूच्यांनीं बुधवार. पाहुण्याची गैरसोय होणार नाहीं. ज्यास चप्पल घ्यावयाची आहे तो मंगळवारीं समोरून घेईल, आणि बुधवारीं समोरच्याचें गिऱ्हाईक इकडे येईल. दहा आठवड्यांच्या उन्हाळी हंगामांत दहा दिवस सुटतील, विक्री मात्र बव्हंशीं जेथल्या तेथेंच राहील. खानावळी व लॉज ह्यांस दार लावून बसतां येणार नाहीं, हें आम्हीं जाणतों. त्यांनीं सावडीचा आश्रय करावा. भातलावणीस शेजाऱ्यानें शेजाऱ्याच्या शेतांत राबावयाचें व पुढच्या दिवशीं त्यानें फेड करावयाची, ही कोंकणची जुनीच चाल आहे. एका लॉजवाल्यानें एक दिवस दोन्ही दारें सांभाळलीं आणि दुसऱ्यानें ती फेड केली, तर त्यांत नवें कांहीं नाहीं.

योजनेचा शत्रु कोण, हें आम्हीं आतांच सांगून ठेवतों. तो म्हणजे अर्धें उघडें शटर. सर्वांनीं ठराव करावयाचा, टाळ्या वाजवावयाच्या, आणि मंगळवारीं दुपारीं एकानें शटर कंबरेइतकें वर करून "ओळखीचेच लोक आहेत हो" म्हणत माल द्यावयाचा. तें पाहून दुसऱ्यानें गुडघ्याइतकें वर करावयाचें. तिसऱ्या आठवड्यास सारा बाजार पुन्हां उघडा. गांवोगांवच्या व्यापाऱ्यांचे असले ठराव बहुधा ह्याच वाटेनें गेले आहेत. ह्यावर उपाय दंडाचा, आणि तो दंड बाजारानेंच बसवून बाजाराच्याच कामीं लावण्याचा. पहिला दंड एखाद्या मातबर दुकानदाराकडून वसूल झाला, तर पुढचे दंड करण्याची वेळ क्वचितच येईल. तो लहान टपरीवाल्याकडून वसूल झाला, तर ठराव मेलाच म्हणून समजावें.

मुंबई-पुण्याच्या वाचकांकडेही आमचें एक मागणें आहे. रात्रीं अकरा वाजतां लावलेल्या शटरावर थाप मारून शीतपेयाची बाटली मागूं नये, आणि "एवढे पैसे देतों, उघडत कां नाहीं?" असें म्हणूं नये. लहान मुलाच्या दुधाची किंवा औषधाची गोष्ट निराळी. त्यासाठीं कोणताही दुकानदार उठतो, व आजवर उठत आला आहे.

हंगामाचा माल दिवाळीपूर्वीं भरला जातो, तेव्हां ही बैठक त्याच्याही आधीं, पाऊस ओसरतांच भरवावी. एकदां माल येऊन पडला व पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली, कीं कोणासही बसून बोलण्यास सवड राहत नाहीं. ज्यांस आमची मंगळवार-बुधवारची योजना पसंत नसेल त्यांनीं दुसरी मांडावी. वार कोणताही निघो, तो सर्वांचा असावा. बैठकीस घरच्या बायकांस अवश्य बोलवावें. दुकान बंद असलेल्या दिवशीं दुपारचा स्वयंपाक कोणीं करावयाचा, हा प्रश्न त्या बहुधा काढतील. तो निघूं द्यावा, आणि त्याचें उत्तरही त्याच ठरावांत लिहावें.